आधी चिप, मग लस: ब्रिटनमध्ये मांजर पाळणाऱ्या मराठी घरांसाठी

गणपतीच्या आरतीनंतर किंवा मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाठ पडली की ब्रिटनमधली मराठी मंडळी हल्ली एकमेकांना मांजराबद्दलही विचारू लागली आहेत. घरमालकाला सांगायला हवं का? विमा खरंच लागतो का? आम्ही पाच आठवडे पुण्याला चाललोय, तिचं काय करायचं? घरात मांस शिजत नाही, दूध-भातावर भागेल का? प्रश्न तेच ते असतात आणि बहुतेक वेळा उशिरा विचारले जातात. मांजर घरी आल्यावर घरमालक आठवतो, ते आजारी पडल्यावर विमा, आणि तिकिटं काढून झाल्यावर सुट्टीतली सोय.

आपल्याकडे मांजर आणावं लागत नाही, तेच येतं. चार दिवस ओट्याखाली बसतं, वाटीभर दूध पितं आणि घरचं होतं. इथे मात्र मांजर येतं ते कायदा, करार आणि खर्च सोबत घेऊन. यातली कुठलीही गोष्ट अवघड नाही, पण कामांचा क्रम चुकला की ती महाग पडते. म्हणून पुढची माहिती शक्यतो क्रमानेच दिली आहे. नियम मुख्यतः इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही गोष्टी वेगळ्या आहेत, तेव्हा तिथल्या वाचकांनी आपल्या भागाचा नियम पाहून घ्यावा.

मांजराआधी घरमालक

भाड्याच्या घरात राहत असाल तर सुरुवात इथून करा. ‘मांजरच तर आहे, कोणाला कळतंय’ असं म्हणून गुपचूप आणलेलं मांजर घराच्या पहिल्याच तपासणीत खिडकीत बसलेलं सापडतं.

भाडेकरूंच्या हक्कांचा २०२५चा नवा कायदा इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरूंच्या बाजूचा आहे. त्यानुसार १ मे २०२६पासून भाडेकरूला पाळीव प्राणी ठेवण्याची परवानगी लेखी मागता येते. घरमालकाने साधारण २८ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं आणि वाजवी कारणाशिवाय नकार देता येत नाही. अर्ज करताना एवढं सांभाळा:

- अर्ज ईमेलने करा. कोणता प्राणी, किती, घरात ठेवणार की बाहेर सोडणार, हे त्यात लिहा.
- फ्लॅट लीजवरचा असेल आणि मूळ लीजमध्येच प्राण्यांना बंदी असेल, तर घरमालकाचा नकार वाजवी ठरू शकतो.
- ‘प्राण्यासाठी वेगळं डिपॉझिट’ मागितलं तर एकूण डिपॉझिटची बेरीज करा. २०१९च्या कायद्याने वर्षाला ५० हजार पौंडांहून कमी भाड्याच्या घरासाठी डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, मग त्याला नाव काहीही द्या.
- घरमालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहत असाल तर हा हक्क तुम्हाला लागू नाही. तिथे गोडीगुलाबीच कामाला येते.

मांजर कुठून आणायचं

माझं मत स्पष्ट आहे: पहिलं मांजर संस्थेतून आणा आणि शक्यतो मोठं झालेलं आणा. १९२७ पासून काम करणारी कॅट्स प्रोटेक्शन, आरएसपीसीए, ब्लू क्रॉस, लंडनमधलं बॅटरसी अशा संस्था दत्तक देताना शुल्क घेतात, पण त्यात चिप, सुरुवातीच्या लसी आणि नसबंदी बहुधा झालेली असते. हीच कामं स्वतः करून घेतली तर खर्च कितीतरी जास्त होतो. शिवाय मांजर लहान मुलांना घाबरतं का, एकटं राहू शकतं का, हे संस्थेच्या माणसांना माहीत असतं. ते तुमच्या घराची, रस्त्याची, कामाच्या वेळांची चौकशी करतील. त्याचा राग मानू नका.

पिल्लूच हवं असेल तर एप्रिल २०२०पासून इंग्लंडमध्ये लागू असलेला ‘लूसीचा कायदा’ लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराला किंवा दलालाला विकता येत नाही. ते जिथे जन्मलं तिथूनच, नाहीतर संस्थेतून घ्यायचं. पिल्लू निदान आठ आठवड्यांचं असावं आणि आईसोबत पाहायला मिळावं. ‘आई आत्ता व्हेटकडे गेलीय’, ‘मोटरवेवरच्या सर्व्हिसमध्ये भेटू’, ‘आधी पैसे पाठवून ठेवा, मागणी खूप आहे’ यांतलं एक जरी वाक्य ऐकू आलं तरी मागे फिरा.

जातीवंत मांजराच्या मोहात पडण्याआधी त्या जातीचे आजार वाचा. फोटोत गोंडस दिसणारे स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान हा कूर्चेचा आनुवंशिक दोष आहे. तोच दोष पुढे सांध्यांत उतरतो आणि मांजर जन्मभर दुखणं काढतं. ब्रिटनमधली जुनी नोंदणी संस्था जीसीसीएफ या जातीची नोंदणीच करत नाही. चपट्या तोंडाच्या पर्शियनला श्वासाचा आणि डोळ्यांचा त्रास असतो.

चिप: कायदा आणि व्यवहार

१० जून २०२४पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजराला २० आठवड्यांचं होण्याआधी मायक्रोचिप बसवणं बंधनकारक आहे. चिप नसल्याचं आढळलं तर ती बसवायला २१ दिवस मिळतात. तेही पाळलं नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घरात कोंडलेलं मांजरही यातून सुटत नाही. उघड्या दारातून निसटणारं मांजर बहुधा घरातलंच असतं!

तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने घालतात आणि तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. बाकी काही नसतं. तिच्यावरून मांजर कुठे आहे हे कळत नाही, आणि तुमचं नाव-पत्ताही तिच्यात नसतो. नाव-पत्ता असतो नोंदणीच्या डेटाबेसमध्ये. गडबड होते ती इथेच. दत्तक घेतलेल्या मांजराची नोंद जुन्या मालकाच्या नावावर राहून जाते. हाउन्सलोहून रेडिंगला घर बदललं तरी डेटाबेसमध्ये हाउन्सलोच राहतं. सिमकार्ड बदलतं, नंबर जुनाच राहतो. अशी चिप असून नसल्यासारखी. चिप बसवल्यावर तिचा क्रमांक आणि डेटाबेसचं नाव दोन्ही लिहून घ्या. सरकारी निकषांत बसणारे डेटाबेस अनेक आहेत आणि तसे दिसणारे भलतेही आहेत. निकषांत बसणाऱ्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर असते.

चिपचं महत्त्व अपघातात कळतं. १९८८च्या वाहतूक कायद्यानुसार कुत्रा, घोडा, गाय, मेंढी यांना गाडीचा धक्का लागला तर चालकाने थांबावंच लागतं. त्या यादीत मांजर नाही. रस्त्यावर पडलेल्या मांजराला कोणी उचलून व्हेटकडे नेलंच, तर तुमच्यापर्यंत पोचायचा दुवा ही एक चिपच असते.

पहिल्या दोन महिन्यांतली कामं

- लसी: पहिली साधारण आठ-नऊ आठवड्यांना, दुसरी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, मग वर्षभराने बूस्टर. कॅट फ्लू आणि पॅनल्युकोपेनिया या लसी सगळ्यांना, मांजरांच्या ल्युकेमियाची मुख्यतः बाहेर जाणाऱ्यांना. रेबीजची लस ब्रिटनमध्ये नेहमीच्या वेळापत्रकात नसते. ती परदेश प्रवासासाठीच लागते.
- नसबंदी: चार महिन्यांच्या सुमारास. भाटी या वयातही गाभण राहू शकते. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उत्पन्न कमी असेल तर कॅट्स प्रोटेक्शनच्या सवलतीबद्दल विचारा.
- पिसवा: इथल्या घरांत गालिचा आणि हिवाळाभर हीटिंग असतं, त्यामुळे पिसवा बाराही महिने वाढतात. औषध मांजराचंच घ्या. कुत्र्यांच्या काही थेंबांमधलं पर्मेथ्रिन मांजराला झटके आणून मारू शकतं.
- शी-शूचे ट्रे: जितकी मांजरं त्याहून एक जास्त, आणि जेवणाच्या वाटीपासून दूर.

घरात कोणी गरोदर असेल तर भारतातून फोन येतोच: ‘मांजर आधी देऊन टाका.’ त्याची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा या जंतूचा धोका खरा आहे, पण विष्ठेतले जंतू संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. ट्रे रोज, दुसऱ्या कोणीतरी, हातमोजे घालून साफ करायचा. कच्चं मांस मांजराला घालायचं नाही, आणि बागकामानंतर हात नीट धुवायचे.

विमा: आजाराच्या आधी, नंतर नव्हे

एनएचएसच्या सवयीमुळे उपचाराचं बिल ही कल्पनाच इथे आपण विसरतो. व्हेटच्या दारात ती आठवते. मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया किंवा तुंबलेल्या लघवीवरचा उपचार हजार-दोन हजार पौंडांच्या घरात सहज जातो. पीडीएसए, ब्लू क्रॉस यांचे धर्मादाय दवाखाने आहेत, पण तिथली पात्रता बहुधा सरकारी भत्त्यांशी जोडलेली असते आणि कामाच्या व्हिसावर आलेल्यांना ते भत्तेच मिळत नाहीत. म्हणजे नव्याने आलेल्या कुटुंबाला खरा आधार विम्याचा, नाहीतर बाजूला टाकलेल्या पैशांचा.

विम्याचे चार प्रकार असतात. ‘लाइफटाइम’ दरवर्षी नव्याने ठरावीक रक्कम देतो. ‘मॅक्सिमम बेनिफिट’ एका आजारासाठी ठरलेली रक्कम संपेपर्यंत देतो. ‘टाइम लिमिटेड’ बहुधा १२ महिने देतो आणि थांबतो. ‘अॅक्सिडेंट ओन्ली’ आजाराला काहीच देत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड ही म्हाताऱ्या मांजरांची नेहमीची दुखणी आहेत आणि ती वर्षानुवर्षं चालतात. परवडत असेल तर लाइफटाइमच घ्या. तिसरा प्रकार स्वस्त दिसतो, पण ऐन गरजेच्या वेळी संपतो.

सही करण्याआधी हे तपासा:

- आधीपासूनचा आजार बहुतेक कंपन्या भरून देत नाहीत. एकदा नोंद झालेली साधी ओकारीही पुढे ‘आधीचा आजार’ म्हणून समोर येऊ शकते. त्यामुळे मधेच कंपनी बदलणं बहुतेकदा आतबट्ट्याचं ठरतं.
- पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस, बहुधा १४, आजारपणाचा दावा चालत नाही.
- एक्सेस, म्हणजे दाव्यातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, किती? मांजर म्हातारं झाल्यावर बिलातला टक्केवारीचा वाटाही तुम्हालाच द्यावा लागेल का?
- लसी आणि दातांची तपासणी वेळेवर केली नसेल तर संबंधित दावा नाकारला जाऊ शकतो.
- तुमचा दवाखाना कंपनीकडून थेट पैसे घेतो, की आधी तुम्ही भरायचे आणि मग वाट पाहायची?

विमा घ्यायचाच नसेल तर दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला हात लावू नका. हे शिस्तीच्या माणसांना जमतं. बाकीच्यांनी विमा घ्यावा.

व्हेटकडे तुमचे हक्क

आपल्या पिढीला डॉक्टरला दर विचारणं अपमानाचं वाटतं. इथे तो संकोच बाजूला ठेवा. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२४ मध्ये नोंदवलं की सुमारे ६० टक्के दवाखाने मोठ्या साखळ्यांच्या मालकीचे आहेत. २०१३ मध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. पाटीवर जुन्या डॉक्टरचं नाव असतं, मालक वेगळाच असतो. दवाखाना कोणाच्या मालकीचा, हे विचारायला काहीच हरकत नाही.

- उपचाराआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि ‘याहून साधा पर्याय आहे का’ हेही विचारा. प्रत्येक तपासणी आजच करायला हवी असं नसतं.
- औषध दवाखान्यातूनच घेण्याची सक्ती नाही. प्रिस्क्रिप्शन लेखी मागता येतं. त्याचं शुल्क पडतं, पण रोज चालणारं औषध अधिकृत ऑनलाइन औषधविक्रेत्याकडे बहुधा बरंच स्वस्त मिळतं.
- दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. जुने रिपोर्ट नव्या दवाखान्याला पाठवायला सांगा.
- व्हेटने तातडीच्या प्रथमोपचाराची आणि वेदनाशमनाची २४ तास सोय ठेवावी, असा रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सचा नियम आहे. ती सोय अनेकदा दुसऱ्याच ठिकाणी असते आणि नुसत्या तपासणीचं शुल्कही दिवसाच्या कितीतरी पट असतं. नाव नोंदवतानाच ‘रात्री दोन वाजता कुठे जायचं’ हे विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.
- बिलावरून किंवा सेवेवरून तक्रार असेल तर आधी दवाखान्यात, मग व्हेटर्नरी क्लायंट मीडिएशन सर्व्हिसकडे जा. रॉयल कॉलेज फक्त गंभीर गैरवर्तनाकडे पाहतं, जास्त लावलेल्या बिलाकडे नाही.

शाकाहारी घरातलं मांजर

सगळ्यांत नाजूक प्रश्न हा आहे आणि त्याचं उत्तर गोड करून सांगता येत नाही. मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. माणूस होऊ शकतो, कुत्र्याचंही काही प्रमाणात भागतं, पण मांजराचं शरीर मांसावरच चालण्यासाठी घडलेलं आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला पुरेसं तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं आणि निसर्गात ते मांस-मासळीतच असतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदयाचा स्नायू सैल पडतो. १९८७ साली अमेरिकी संशोधकांनी हृदयविकाराचा हा संबंध दाखवून दिल्यावर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. त्याआधी बाजारातलं तयार खाद्य खाऊनही मांजरं या विकाराने मरत होती. मग दूध-भात, पोळीचा काला आणि दह्याच्या वाटीवर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

‘पण आमच्या गावची मनी जन्मभर दूध-भातच खायची!’ खायची खरी, आणि वर धान्याच्या कोठीतले उंदीर, चिमण्या, पालीही खायची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. (असतील तर तो घरमालकाला लिहायच्या ईमेलचा विषय आहे.)

आता घरातल्या सोवळ्या-ओवळ्याचं काय? बहुतेक घरं काढतात तो मार्ग असा: खाद्य तयार पाकिटातलं, वाट्या आणि चमचा वेगळे, ते धुण्याची जागा युटिलिटी रूम किंवा बाथरूमचं बेसिन. वास नको असेल तर कोरडं खाद्य चालतं. ओलं दिलं तर पाणी जास्त पोटात जातं, जे विशेषतः बोक्यांच्या मूत्रमार्गाला बरं. घरात मांस शिजवण्याची गरज कुठेच येत नाही. पाकिटावर ‘कम्प्लीट’ हा शब्द आहे का, तेवढं पाहा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं खाद्य म्हणजे तोंडीलावणं. नुसत्या पाण्यातल्या ट्यूनाच्या डब्यावर मांजर पोसणं हीही चूकच.

एवढंही घरात चालणार नसेल, तर मांजर आणू नका. ससा आणा. त्याला गवत, पालेभाज्या लागतात आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात जास्त रमेल. इंग्लंड-वेल्सच्या २००६च्या प्राणीकल्याण कायद्याने प्राण्याला योग्य आहार देणं ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. आपला नेम आपल्यापुरता ठेवावा.

दुधाबद्दल थोडंसं. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. पाणीच द्या, पसरट भांड्यात, खाद्यापासून जरा लांब.

देवघर, फोडणी आणि औषधांचा डबा

इथल्या पत्रकांत चॉकलेट आणि अँटिफ्रीझची नावं असतात. मराठी घरातल्या धोक्यांची यादी थोडी वेगळी निघते:

- लिली: गणपतीला किंवा कोणी जेवायला येताना सुपरमार्केटमधून आणलेल्या गुच्छात ती हमखास असते. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळंच विषारी. अंगावर पडलेले पराग चाटले तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. घरात मांजर असेल तर लिली आणायचीच नाही, आणि पाहुण्यांनाही आधीच सांगायचं.
- कांदा-लसूण: कच्चा, तळलेला, पावडर, कशाही रूपात. तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. रश्श्यातलं चिकन ‘थोडंसं’ म्हणून देऊ नका.
- पॅरासिटामॉल: भारतातून आणलेली क्रोसिन असो वा इथली गोळी, मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. एक गोळी जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेनही तसंच.
- दोरे: राखी, गजऱ्याचा दोरा, सुतळी, ख्रिसमसच्या चमचमत्या माळा. गिळलेला दोरा आतड्यांत अडकून ती कापत जातो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, थेट व्हेटकडे जा.
- कापूर, निलगिरीचं तेल, बाम, सुगंधी तेलांचे डिफ्यूझर: मांजर अंगावरचं सगळं चाटून काढतं. आरतीचा कापूर बंद डबीत ठेवा.
- मनुका, द्राक्षं, चॉकलेट: फराळाचं ताट जमिनीवर नको.

काही पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका आणि मीठ पाजून ओकारी काढायला जाऊ नका. व्हेटला फोन करा, किंवा अॅनिमल पॉइझनलाइन या सशुल्क सेवेला: ०१२०२ ५०९०००. तिथे तज्ज्ञ २४ तास असतात.

दुखणं लपवणारा प्राणी

मांजर कण्हत नाही. ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, ‘आज शांत आहे.’ खिडकीवर उडी मारणं सोडलं, पाठीवरचे केस चाटायचे राहिले, पाणी जास्त प्यायला लागलं, ट्रेबाहेर लघवी करू लागलं, तर तो हट्ट नसून बहुधा आजार असतो.

महिन्यातून एकदा वजन करा. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. पाच किलोंचं मांजर साडेचार किलोंवर आलं, तर ते सत्तर किलोंच्या माणसाने सात किलो गमावल्यासारखं आहे. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही.

पुढच्या गोष्टींना सकाळची वाट पाहायची नाही:

- बोका पुनःपुन्हा ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, पण लघवी होत नाही. याला बद्धकोष्ठ समजण्यात रात्र जाते. मूत्रमार्ग तुंबलेला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.
- तोंड उघडं ठेवून श्वास घेणं.
- मागचे पाय एकाएकी लुळे पडणं आणि ओरडणं.
- झटके, उंचावरून पडणं, गाडीचा धक्का, मग वरून जखम दिसो वा न दिसो.

आणि २४ तास काहीच खाल्लं नसेल तर तो उपास समजू नका. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं.

बाहेर सोडायचं का?

ब्रिटिश शेजाऱ्यांना मांजर घरात कोंडणं क्रूर वाटतं, आपल्याला बाहेर सोडणं बेफिकिरीचं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मागे बाग आणि शांत रस्ता असेल तर चिप, लसी, नसबंदी झाल्यावर आणि नव्या घरात तीन-चार आठवडे राहिल्यावर, आधी दिवसाउजेडी सोडा. मोठ्या रस्त्यालगत किंवा फ्लॅटमध्ये राहत असाल तर घरातच ठेवा, पण मग चढायला उंच जागा, खरवडायला खांब आणि रोजचा खेळ तुम्ही द्यायचा. सोफा खरवडते म्हणून नखं मुळासकट काढून टाकण्याचा सल्ला अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आला तर तो तिथेच सोडा. वैद्यकीय गरजेशिवाय तसं करणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

मांजर हरवलं तर आधी शेजारच्या शेड आणि गॅरेज पाहा, मग चिपच्या डेटाबेसमध्ये ‘हरवले’ अशी नोंद करा, आसपासच्या दवाखान्यांना कळवा. चोरीचा संशय असेल तर पोलिसांना सांगा. ऑगस्ट २०२४पासून इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये मांजर पळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या दारी रोज येणारं ‘बेवारशी’ मांजरही कोणाचं तरी असू शकतं. खायला घालण्याआधी कोणत्याही दवाखान्यात त्याची चिप तपासून घ्या.

दिवाळी आणि ५ नोव्हेंबरचा बॉनफायर एकमेकांच्या जवळ येतात, म्हणजे दोन-तीन आठवडे आवाज. इंग्लंडमध्ये एरवी रात्री ११ नंतर फटाक्यांना बंदी असते. ५ नोव्हेंबरला ती मध्यरात्री लागू होते आणि दिवाळीच्या रात्री १ वाजता. त्या काळात अंधार पडण्याआधी मांजर आत घ्या, पडदे ओढा, लपायला खोकं ठेवा आणि त्यातून ते बाहेर काढू नका.

शेवटचा निर्णय

मांजर बरं होणार नाही असं दिसलं की इथले डॉक्टर शांतपणे ‘पुट टू स्लीप’चा विषय काढतात. आपल्या अनेक घरांत तो पापाचा प्रश्न होतो आणि आजी-आजोबा भारतातून नको म्हणतात. निर्णय तुमचाच असतो. वेदना आटोक्यात ठेवून घरी काळजी घेता येईल का, हे जरूर विचारा. पण वेदना आटोक्यात नसताना काहीच न करणं हा पर्याय नाही, ना कायद्याने ना मायेने. डॉक्टर घरी येऊनही हे करतात. दहन सामुदायिक असतं किंवा स्वतंत्र. अस्थी हव्या असतील तर स्वतंत्रच सांगा. स्वतःच्या मालकीच्या घराच्या बागेत पुरता येतं, भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी लागते. मुलांना ‘ती गावाला गेली’ असं सांगू नका. ब्लू क्रॉस आणि कॅट्स प्रोटेक्शन या दोन्ही संस्थांची दुःखात बोलण्यासाठी फोनसेवा आहे.

भारतात जाताना, भारतातून आणताना

सुट्टीसाठी तीन मार्ग आहेत. कॅटरी, म्हणजे मांजरांचं वसतिगृह, घेणार असाल तर तिला स्थानिक कौन्सिलचा परवाना असलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१८च्या नियमांनुसार त्यावर एक ते पाच तारेही असतात. लसींची कार्डं पाहिल्याशिवाय चांगली कॅटरी मांजर घेत नाही, आणि घेत असेल तर तिथे ठेवू नका. दुसरा मार्ग घरी येणाऱ्या सिटरचा. घाबरट आणि म्हाताऱ्या मांजराला तो जास्त मानवतो. तिसरा मित्रांचा, पण पाच आठवडे हा मैत्रीला जरा जास्तच काळ आहे. कोणताही मार्ग घ्या, जाण्याआधी व्हेटला लेखी कळवा की तुमच्या गैरहजेरीत उपचाराचा निर्णय कोण घेईल आणि किती पौंडांपर्यंत. मुंबईत मध्यरात्र असताना फोन उचलला जाईलच असं नाही.

कायमचं परतायचं असेल तर भारताच्या अॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसकडून आधी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुंबई विमानतळावर त्यांचं केंद्र आहे. उलट दिशेला, भारतातून ब्रिटनला आणायचं असेल तर निदान चार-पाच महिने हाताशी ठेवा. क्रम असा: चिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. शिवाय आरोग्य प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त विमानमार्ग. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही, ती पुन्हा द्यावी लागते आणि महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. कागद अपुरे असतील तर तुमच्या खर्चाने चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.

डिसेंबरच्या आणि शाळेच्या मोठ्या सुट्टीतल्या कॅटरीच्या जागा कित्येक महिने आधी भरतात. भारताची तिकिटं काढली असतील, तर कॅटरीला आजच फोन करा.